बाजाराचे वार पाहून आखलेला रिव्हिएरा

फ्रेंच रिव्हिएराला, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, जायचं ठरल्यावर ओळखीच्यांनी हॉटेलांच्या नावांच्या याद्या पाठवल्या. मी मात्र आधी वारांची यादी केली. नीसचा कूर सालेया बाजार सोमवारी भरत नाही, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू मांडतात. सां त्रोपेचा बाजार फक्त मंगळवारी आणि शनिवारी. कानचा फोरव्हिल बाजारही सोमवारी भाजीऐवजी जुन्या सामानाचा. ज्या खानावळीसाठी मी नीसला जाणार होते, ती शनिवार-रविवार बंद. या किनाऱ्यावर जेवण नीट जमवायचं तर जागेइतकाच वार महत्त्वाचा आणि वाराइतकीच वेळ. स्वयंपाकघर दुपारी बाराला उघडतं, दोनच्या सुमारास मिटतं आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय पुन्हा पेटत नाही.

बरोबर ताई आणि भावोजी. ताई शाकाहारी, अंडं आणि चीज चालतं. भावोजी मालवणचे, त्यांना रोज मासा हवा. एकाच टेबलावर दोघांना पोटभर आणि मनासारखं मिळालं पाहिजे, हीच माझी अट होती. महिना जूनचा, भोपळ्याच्या फुलांचा आणि चेरींचा.

शनिवार, नीस

विमानतळावरून ट्रामची दोन नंबरची लाइन थेट बंदरापर्यंत जाते. बंदरामागच्या गल्लीत ‘शे पिपो’ आहे, 1923 पासूनचं. बॅगा खोलीवर टाकल्या आणि रांगेत उभे राहिलो.

इथे खायचा तो सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, एवढंच सामान. पातळ पीठ हातभर रुंदीच्या तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. काही मिनिटांत कडा करपतात, वर फोड येतात, मधला भाग मऊ राहतो. कापायची पद्धत नाही, कालथ्याने खरवडून बशीत घालतात. वरून भरपूर मिरपूड घ्यायची आणि हातानेच खायचं. ताईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं, फक्त भट्टीतलं!” मला त्यातला धुराचा वास जास्त आवडला. तव्यावर तो येत नाही.

थाळा भट्टीतून निघेपर्यंत सगळे थांबतात आणि निघाला की लगेच संपतो. गार सोक्का खाण्यात अर्थ नाही. म्हणून गाडीवर आधीच कापून ठेवलेला दिसला तर घेऊ नका, दहा मिनिटं थांबून पुढचा थाळा घ्या. बशीभर तीन-चार युरोंत येतो. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे थंड रोझे वाइनचे छोटे पेले घेऊन बसले होते. भावोजींनी खूण करून तेच मागवलं.

रविवार, नीस

कूर सालेया सकाळी आठला गाठला. अर्ध्या बाजारात फुलं, अर्ध्यात भाजी. पिवळीधम्मक भोपळ्याची फुलं जुड्या बांधून उभी होती, शेजारी कोवळ्या पानांची मिसळ, ज्याला इथे मेस्क्लँ म्हणतात, आणि नीसची ती बारीक काळपट ऑलिव्ह. बाजार दुपारी एकच्या सुमारास आवरायला घेतात, पण चांगला माल त्याच्या कितीतरी आधी संपतो.

भोवतालच्या छत्र्यांखाली बसायचा मोह होतो. जागा सुंदर आहे, म्हणून तिथे कॉफी प्यावी. जेवायला मात्र आतल्या गल्ल्यांत शिरावं. तिथल्या काही खानावळींच्या दारावर ‘क्विझीन निस्सार्द’ असं लेबल असतं. नीसचे पारंपरिक पदार्थ जुन्या कृतीने करणाऱ्यांनाच ते मिळतं. नीस 1860 सालापर्यंत इटलीकडच्या साव्हॉय घराण्याच्या राज्यात होतं, फ्रान्समध्ये नंतर आलं. त्यामुळे इथल्या ताटात लोण्यापेक्षा ऑलिव्ह तेल जास्त आणि पास्ता रोजचा.

नीसच्या सॅलडची गोष्ट सांगायलाच हवी. जगभर त्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी घालतात. इथले जुने लोक ते मान्य करत नाहीत. टोमॅटो, कच्च्या भाज्या, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं, अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे) किंवा ट्यूना. अंडं सोडलं तर शिजवलेलं त्यात काही नाही. हेच सगळं तेलात भिजलेल्या गोल पावात भरलं की पां बान्या होतो. भावोजींनी तो बाजारातून घेतला आणि समुद्रावरच्या गोट्यांवर बसून खाल्ला. पाव तेल पिऊन मऊ व्हायला हवा, म्हणून बांधून घेतल्यावर थोड्या वेळाने खाल्लेला अधिक चांगला लागतो.

दुपारी लेबल पाहून एका गल्लीत बसलो. ताईसाठी फुलांची भजी आली, पीठ इतकं हलकं की आतलं फूल दिसत होतं. मग पिस्तू घातलेला पास्ता. बेसिल, लसूण आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात वाटतात, तो पिस्तू. शेवटी तूर्त द ब्लेत, म्हणजे चार्डच्या पालेभाजीचा गोड टार्ट. पालेभाजी, बेदाणे, पाइन नट्स आणि वर पिठीसाखर. पालेभाजीचं पक्वान्न पाहून ताई आधी बिचकली आणि मग माझ्या बशीतलंही तिनेच संपवलं. भावोजींनी पती फार्सी घेतले, भरलेल्या छोट्या भाज्या. त्यांत बहुतेकदा मांस असतं, नुसतं नाव वाचून शाकाहाऱ्यांनी मागवू नयेत.

शाकाहाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही, अँकोव्हीला इथे पुष्कळजण मसाल्यासारखंच वापरतात. कांद्याची पिसालादिएर दिसायला निव्वळ कांद्याची रोटी, पण तिच्यात अँकोव्ही असतेच. “साँ व्यांद, साँ प्वासों” असं स्पष्ट म्हणावं, मांस नको, मासा नको. आणि जे कडक पाळतात त्यांनी पार्मेझान टाळावं. ते वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजतात.

रविवारी रात्री बऱ्याच चुली बंद असतात. आम्ही खोलीवर चेरी, चीज आणि पाव खाल्ला. चेरी सकाळीच घेऊन ठेवल्या होत्या.

सोमवार, मोनॅको आणि मांतों

भाजीबाजाराला सुट्टी, म्हणून सोमवार मोनॅकोला दिला होता. पण त्याआधी एक काम. जुन्या नीसच्या कडेला ‘ला मेरेंदा’ आहे. इतकी लहान की स्टुलांवर खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. दोमिनिक ल स्तांक हे नेग्रेस्को या बड्या हॉटेलात मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे दोन तारे असलेल्या रेस्टॉरंटचे शेफ होते. 1996 साली ते सोडून त्यांनी ही खोपटी घेतली आणि नीसच्या घरचे पदार्थ रांधायला सुरुवात केली. तिथे वर्षानुवर्षं फोन नव्हता. जागा हवी तर दारात जाऊन सांगायचं. आम्हीही तसंच केलं आणि शुक्रवारची दुपार मिळाली.

मोनॅको ट्रेनने पाऊण तासही दूर नाही. सगळा देश दोनेक चौरस किलोमीटरचा. लोक कॅसिनोच्या बाजूला चढतात, जेवायला मात्र उलट्या दिशेला, प्लास दार्मला यावं. तिथे कोंदामीनचा बाजार 1880 पासून भरतो. बाहेर भाजी, आत खाण्याचे गाळे आणि सगळ्यांनी मिळून बसायची टेबलं. बार्बाजुआं हा मोनॅकोचा आपला पदार्थ: चार्ड आणि चीज भरून तळलेली छोटी पारी. पुठ्ठ्याच्या पाकिटात गरमागरम घेतली. शेजारी कार्यालयीन कपड्यांतली मंडळी हेच खात उभी होती.

वर ‘ओतेल द पारी’मध्ये शेफ आलां द्युकास यांचं ‘लुई कॅंझ’ हे रेस्टॉरंट आहे. 1987 साली ते तिथे आले आणि 1990 मध्ये त्याला तिसरा तारा मिळाला. भूमध्य समुद्राकाठच्या भाज्या आणि मासे घेऊन एवढ्या थाटाच्या दालनात रांधणं तेव्हा धाडसाचं होतं. भाज्यांचा वेगळा मेनू त्यांनी सुरुवातीपासूनच ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं. ज्यांना एकदाच मोठा खर्च करायचा आहे आणि बरोबर शाकाहारी माणूस आहे, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

संध्याकाळी दोन-तीन स्टेशनं पुढे मांतोंला उतरलो. इटलीची हद्द इथून चालत जाण्याइतकी जवळ. मांतोंचं लिंबू मोठं, पिवळंजर्द आणि सालीला सुगंधी. 2015 साली त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबाचा टार्ट खाल्ला. गोडापेक्षा आंबटपणा पुढे होता, तसाच तो हवा. वरच्या उतारावरच्या ‘मिराझूर’ला 2019 साली तीन तारे आणि जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला क्रमांक, असं दोन्ही मिळालं. तिथले शेफ माउरो कोलाग्रेको मूळचे अर्जेंटिनाचे, आणि स्वयंपाक मात्र या डोंगरउतारावरच्या बागांचा. तिथली जागा फार आधी धरावी लागते.

मंगळवार, सां त्रोपे

सां त्रोपेला रेल्वे नाही. सकाळच्या ट्रेनने सां राफाएल आणि तिथून तासाभराची बोट. मुक्काम मी समोरच्या सेंत माक्सीमला ठेवला होता, बोटीने पंधरा मिनिटांवर. सां त्रोपेत एका रात्रीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तिघांचं दोन दिवसांचं जेवण उत्तम होतं.

बोट बंदरात शिरते तेव्हा धक्क्याला लागलेल्या नौका घरांपेक्षा उंच दिसतात. त्यांच्यासमोर ‘सेनेकिए’ आहे, 1887 पासूनचं, लाल खुर्च्यांचं. कॉफी महाग, पैसे जागेचे. पण त्यांचा बदामाचा नुगा आत दुकानातून विकत मिळतो, तो घ्या. आम्ही थेट प्लास दे लीसला गेलो, कारण बाजार एकपर्यंतच.

प्लेन वृक्षांची दाट सावली आणि तिच्याखाली शंभर प्रकारची घाई. बकरीच्या दुधाचं चीज, ताजं आणि मुरलेलं, राखेत घोळवलेलं. ऑलिव्हचा वाटलेला ताप्नाद चाखायला देतात (त्यातही अँकोव्ही असते, ताईला आधीच सांगितलं होतं). जर्दाळू इतके पिकलेले की पिशवीत घातले तर चुरडतील, म्हणून उभ्या उभ्या खाल्ले. बाजार उठला की त्याच मैदानात पेतांक खेळणारे येतात आणि लोखंडी गोळ्यांचा आवाज सुरू होतो.

मासळीबाजार बंदरामागच्या कमानीत आहे, सकाळपुरता. चार संगमरवरी ओटे, एवढाच. भावोजी तिथे बराच वेळ रमले. त्यांनी रुजे, म्हणजे तांबडा मलेट, डोळे पाहून निवडून दाखवला आणि कोळीण हसून मान डोलवत राहिली. भाषा एकही शब्दाची जुळत नव्हती.

दुपारी जुन्या कोळीवस्तीत, ला पोंशच्या बाजूला, भाजलेला सी बास घेतला. इथे एक सांगते. अख्ख्या माशाची किंमत मेनूवर शंभर ग्रॅमची लिहिलेली असते. मासा ताटात येण्याआधी दाखवायला आणतात, तेव्हाच वजन विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही, फ्रेंच माणसंही विचारतात. सोबत फक्त बडीशेपेच्या झाडाचे देठ, लिंबू आणि तेल. भावोजी म्हणाले, “मासा ताजा असला की मसाला कशाला?” मालवणी माणसाने हे म्हणावं, यापेक्षा मोठी पावती नाही.

संध्याकाळी तार्त त्रोपेझिएन. मूळ पोलंडच्या आलेक्सांद्र मिका या बेकरवाल्याने हा केक इथे विकायला आणला. 1955 साली गावात चित्रीकरणासाठी आलेल्या अभिनेत्री ब्रिजित बार्दोला तो इतका आवडला की गावाचं नाव त्याला द्यायची सूचना तिनेच केली. लोण्याच्या मऊ पावाचे दोन भाग, मध्ये क्रीम, वर साखरेचे खडे. लहान आकाराचा घ्यावा, तिघांत एक मोठा जड होतो.

या गावाचा आपल्याकडचा धागा मला आधीपासून पाहायचा होता. महाराजा रणजितसिंहांच्या फौजेतला जनरल झां फ्रांस्वा आलार इथला, जन्म 1785. त्याची पत्नी बन्नू पान देई चंब्याची. तिला आणि मुलांना इथे आणून तो हिंदुस्थानात परतला आणि 1839 साली पेशावरला वारला. ती मुलांसह इथेच राहिली आणि 1884 साली याच गावात गेली. तिच्यासाठी बांधलेलं घर आता हॉटेल आहे. चंब्याच्या त्या मुलीने या गावात एवढी वर्षं काय रांधलं असेल, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

बुधवार, पांपेलोन

सां त्रोपेच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा वाळूचा किनारा खरं तर शेजारच्या रामातुएल गावचा, जवळपास पाच किलोमीटर लांब. 1944 च्या ऑगस्टमध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य याच भागात उतरलं. आज किनाऱ्यावर रेस्टॉरंटांची ओळ आहे. किनारा वाचवण्यासाठी 2019 पासून ती बांधकामं उचलून नेता येतील अशीच असावी लागतात. हा नियम मला फार योग्य वाटला. वाळूच्या टेकड्यांवर पुन्हा गवत धरलेलं दिसतं.

‘क्लब 55’चं टेबल आधीच राखून ठेवलं होतं. 1955 साली द कोल्मों कुटुंब किनाऱ्यावर झोपडी बांधून राहत होतं. बार्दोच्या त्या चित्रपटाच्या माणसांना ती खानावळ वाटली, त्यांनी जेवण मागितलं आणि गृहिणीने वाढलं. तिथून हे सुरू झालं. जेवण स्वस्त नाही. पण इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे कच्च्या भाज्यांची टोपली: अख्खा टोमॅटो, गाजरं पाल्यासकट, मुळे, बडीशेपेचे कंद, मिरच्या, आर्टिचोक. सुरीने आपणच कापून खायचं. इतक्या नामांकित जागी ताईच्या पुढ्यात टेबलावरचं सगळ्यात देखणं ताट आलं. एक टोपली तिघांना पुरते. पाणी “कराफ दो” म्हणून मागावं, नळाचं पाणी फुकट मिळतं. आणि बिलात सेवा धरलेलीच असते, वेगळी टीप सक्तीची नाही.

रात्री सां राफाएलहून ट्रेनने आंतीबला. बंदराजवळच्या साध्या खानावळीत सूप द प्वासों घेतलं. खडकातले काटेरी छोटे मासे अख्खे शिजवून, गाळून केलेलं दाट लालसर सूप. भाजलेल्या पावाला लसूण घासायची, त्यावर ‘रूई’ नावाची केशर-मिरचीची चटणी लावायची, चीज भुरभुरायचं आणि पाव सूपमध्ये सोडायचा. बुयाबेस या माशांच्या थाटाच्या रश्श्याला याच्या कितीतरी पट पैसे पडतात आणि तो बहुतेक ठिकाणी दोघांसाठीच करतात. भावोजींनी या सुपाचा दुसरा वाडगा मागवला. ताईसाठी त्या दिवशी ऑम्लेटशिवाय काही नव्हतं. कोळ्यांच्या बंदरावर तेवढं चालवून घ्यावं लागतं.

गुरुवार, आंतीब आणि सेंत ओनोरा

आंतीबचा प्रोव्हांस बाजार छपराखालचा, मला सगळ्यांत आवडला. नीसपेक्षा लहान, शेतकरी स्वतः विकायला बसलेले. तिथून दोन मिनिटांवर समुद्राकाठचा गढीवजा वाडा आहे. 1946 साली पिकासोने इथे राहून काम केलं, कोळी, मासे आणि समुद्री साळिंदर रंगवले. बाजारातून थेट त्या चित्रांसमोर गेलं की या गावाला खाण्याचं किती मोल आहे, ते दिसतं.

कान मी थोडक्यात आटोपलं. क्रोआझेत या समुद्राकाठच्या झगमगत्या रस्त्यावर जेवणाला कारण सापडलं नाही. जुन्या बंदरातून बोट घेतली आणि वीसेक मिनिटांत सेंत ओनोरा बेटावर उतरलो. पाचव्या शतकात इथे मठ उभा राहिला. आजही साधू राहतात, द्राक्षमळे सांभाळतात आणि वाइन करतात. ‘ला तोनेल’ या त्यांच्या रेस्टॉरंटात पाइनच्या सावलीत भाजलेला मासा, भट्टीत शिजवलेल्या भाज्यांचा तियां आणि मळ्यातली पांढरी वाइन. परतीच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवा, शेवटची चुकली तर बेटावर हॉटेल नाही.

शुक्रवार, ला मेरेंदा

बॅगा हॉटेलात ठेवून बाराला दारात हजर. पाटीवर खडूने लिहिलेले पदार्थ, जवळ रोख रक्कम, कारण इथे कार्ड चालत नसे असं ऐकलं होतं. ताईने पिस्तूचा पास्ता मागवला, हिरवा पास्ता आणि वर हिरवं वाटण. रविवारचा चांगला होता, हा त्याहून वरचा. बेसिल नुकतंच वाटलेलं होतं. मी बैलाच्या मांसाची मंद आचेवर शिजवलेली दोब घेतली, सोबत हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पानीस. भावोजींनी स्टॉकफिश. नॉर्वेचा वाळवलेला कॉड जहाजांतून इथे यायचा. नीसवाले तो दिवसचे दिवस भिजवून टोमॅटो, बटाटे आणि ऑलिव्हबरोबर शिजवतात. वाढणाऱ्या बाईंनी वासाची आगाऊ कल्पना दिली. मालवणच्या माणसाला ती द्यायची गरज नव्हती.

सव्वादोनला एक कुटुंब दारात आलं. बाईंनी नम्रपणे सांगितलं, चूल बंद झाली, सोमवारी या. आम्ही हिशेब चुकता केला आणि ट्रामचा थांबा गाठला.